आईचं वेटिंग

आमच्याकडे लाईट गेली की सगळे आईला विचारायचे, "कधी येणार?" जणू वीजखात्यानं वेळापत्रक तिच्याच पदराला बांधून दिलं होतं.

लखनौच्या अलीगंजातलं आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर होतं. मे महिन्यात दिवसातून चारदा लाईट जायची. कूलरचा पंखा घरघरत मंदावायचा, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळीतून पाणी ठिबकत राहायचं आणि माझा सहा वर्षांचा भाऊ यश पहिला सूर लावायचा.

"आई, लाईट कब आएगी?"

"येईल."

"कब?"

"आली की पंखा फिरेल. तेव्हा समज, आली."

मग आतल्या खोलीतून बाबा. "सुहास, किती वेळ लागेल गं साधारण?"

"आत्ताच फोन करून विचारते हं," आई म्हणायची. आमच्याकडे फोन नव्हता.

आईचं पूर्ण नाव सुहासिनी. मूळची चाळीसगावची. बाबा, म्हणजे शरद, बँकेत होते. त्यांची बदली लखनौला झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि यश अजून व्हायचा होता. आल्या आल्या आईनं दोन गोष्टी शिकून घेतल्या. एक, उन्हातून आलेल्याला दारातच कैरीचं पन्हं पाजायचं. दुसरी, भाजीवाल्याशी 'आप' म्हणत भांडायचं. बाकीचं हिंदी तिनं मराठीवरच भागवलं. "भैया, आपकी कल की भिंडी एकदम जून थी," असं ती ठणकावून सांगायची आणि भैया मान डोलवून दोन भेंड्या जास्त टाकायचा.

ती थकलेली असायची. आजारी नव्हे, चिडलेली नव्हे, नुसती थकलेली. सकाळी चहाचं आधण ठेवताना जेवढी, तेवढीच रात्री ओटा पुसताना. त्यामुळे ते कुणाच्या लक्षातच यायचं नाही. आम्हाला वाटायचं, आईचा चेहरा असाच आहे.

आणि तिच्या सगळ्या थकव्यांत मोठा थकवा म्हणजे आमची उन्हाळ्याची सुट्टी.

शाळा बंद झाली की आम्ही संगमनेरला जायचो, बाबांच्या आईकडे. लखनौहून मनमाडपर्यंत गाडी, पुढे एसटी. साठ पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दशम्या, होल्डऑल, सुरई, सुरईचा लाकडी स्टँड, ओल्या फडक्यात गुंडाळलेले कांदे, आणि खिडकीवर टाकायला दोन जुने टॉवेल. ते टॉवेल भिजवून गजांना बांधायचे, म्हणजे आत गार वारा येतो, असं बाबांचं शास्त्र. गार वारा कानपूरपर्यंत यायचा. त्यानंतर टॉवेल पापडासारखे वाळायचे आणि आई पुन्हा उठायची, भिजवायला.

झाशीला बाबा पाणी भरायला उतरायचे. गाडी हलायला लागायची, बाबा दिसायचे नाहीत. आम्ही दोघं खिडकीला तोंड लावून भोकाड पसरायचो. आई पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन शांत बसून असायची.

"आई, बाबा छूट गए."

"नाही सुटत. मागच्या डब्यात चढले असतील."

"और नहीं चढ़े तो?"

"तर शांतपणे बसतील झाशीला," असं म्हणताना तिच्या आवाजात काळजी नसायची, हे मला आता आठवतं. दोन स्टेशनांनंतर बाबा विजयी मुद्रेनं यायचे, हातात अर्धी बाटली पाणी.

गाडीत आम्ही 'नाव-गाव-फळ-फूल' खेळायचो आणि भांडणाचा निकाल आईकडे यायचा. 'ढ'वरून फळ नसतं, हे तिला खांडव्यापासून भुसावळपर्यंत समजावून सांगावं लागे. त्र्याण्णव साली यशनं खिडकीच्या गजांत डोकं घातलं, ते अडकलं. अख्ख्या डब्यानं सल्ले दिले. शेवटी आईनं पुऱ्यांच्या डब्याच्या तळाचं तेल त्याच्या कानांना चोळून डोकं सोडवलं. तो पुढं दोन दिवस पुरीसारखा वास मारत होता.

संगमनेरला आजी वाटच पाहत असायची. आजी वाईट नव्हती, उलट तिला आईचं फार कौतुक. त्या कौतुकापोटीच ती उडदाचं पीठ दळून ठेवायची आणि शेजारणींना सांगायची, "सुहास आली की लाटू. तिच्यासारखा पातळ पापड गावात कुणाचा नाही." आई पाय धुऊन आत आली की पाठोपाठ पोळपाट यायचा. आम्ही पोरं ओली लाटी चोरून खायचो, बाबा ओसरीवर मित्रांना लखनौच्या गमती सांगायचे, आणि आई मृगाच्या आत शेकड्यांनी पापड, कुरडया, सांडगे संपवायची. परतीच्या गाडीत टॉवेल असायचेच.

चौऱ्याण्णव साली आईला जायचं नव्हतं.

हे तिनं तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिला पंधरा दिवस त्या घरात, त्या कूलरसमोर, एकटीला झोपायचं होतं. एवढंच. पण 'मला झोपायचंय' हे कारण आमच्या घरात कारण म्हणून धरलं जात नसे. त्यासाठी ताप लागे, बाळंतपण लागे, निदान मयत तरी.

म्हणून ती गप्प राहिली आणि बाबांनी दिलेला रिझर्वेशनचा फॉर्म स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून भरायला लागली. नावं लिहिली: शरद, पूर्वा (म्हणजे मी), यश, आणि मग स्वतःचं. वाढतानाही ती याच क्रमानं वाढायची, त्यामुळे हात आपोआप तसा गेला.

संध्याकाळी बाबा तिकीट घेऊन आले ते जरा ओशाळत.

"कोट्यातल्या तीनच जागा उरल्या होत्या, म्हणून पहिली तीन कन्फर्म आहेत. चौथं वेटिंगवर गेलं. बावीस."

"चौथं कोण?" मी विचारलं.

"तुझी आई. शेवटचं नाव तिचं होतं ना. पण होईल हं सुहास, अजून तीन आठवडे आहेत. लोक कॅन्सल करतात."

आईनं तिकीट हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि डब्याखाली ठेवलं. "नाही झालं तर?" तिनं विचारलं.

"होणार. मी बघतो ना."

"नाही, पण समजा, नाहीच झालं?"

"तू काळजीच सोड."

शेजारच्या सक्सेना भाभी हे ऐकून हळहळल्या. "अपना नाम आख़िर में क्यों लिखा, सुहासिनी? बच्चों का लिख देतीं आख़िर में. बच्चे तो गोद में भी चले जाते."

"आदत है, भाभी," आई म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिनं चहात स्वतःसाठी आलं किसून घातलं.

त्यानंतर बाबांना एक काम मिळालं. रोज बँकेतून येताना ते स्कूटर वळवून रिझर्वेशनच्या खिडकीवर आकडा विचारून यायचे आणि हेल्मेट काढायच्या आधी दारातून जाहीर करायचे. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं.

"एकोणीस."

"अरे वा," आई म्हणायची.

"सोळा. आज तीन गेले."

"अरे वा."

"अकरा, सुहास. अकरा."

"कोण आहेत हे लोक?" आई कणीक मळता मळता पुटपुटायची. "एवढं ठरवून काढलेलं तिकीट असं रद्द करतात. काही विचार नाही."

बाबांना वाटायचं, ती रेल्वेच्या शिस्तीबद्दल बोलते आहे.

जेठाचा, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठाचा, पहिला मंगळवार आला. अलीगंजात बडा मंगल म्हणजे हनुमान मंदिराच्या रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नसते. कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव, सरबताचे हंडे, पुरी-भाजीच्या पंगती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून थांबवणारे लोक. सक्सेना भाभी आईला आणि मला घेऊन गेल्या. दोन तास रांगेत उभं राहून आम्ही गाभाऱ्यापुढं पोचलो. भाभींनी डोळे मिटून मोठ्यानं मागितलं, "हे बजरंगबली, हमारी सुहासिनी का टिकट कनफ़र्म करा दो. सवा किलो बूंदी चढ़ाऊँगी."

आईनंही डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिनं काय मागितलं ते मला फार उशिरा कळलं. एकाच तिकिटासाठी दोन अर्ज, तेही एकमेकांच्या उलट, एकाच वेळी गेले होते. परत येताना तिला थोडं अपराधी वाटत होतं. तिनं भाभींना स्वतःहून सरबताचा दुसरा ग्लास आणून दिला.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "पाच."

दुपारी लू, तो भाजणारा वारा, सुटली की आम्हाला बाहेर सोडत नसत. दारं-खिडक्या बंद, पडदे ओले, आणि आम्ही दोघं आत. तेव्हा आमचा एकच खेळ चालायचा: रेल्वे. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक, होल्डऑल म्हणजे वरचा बर्थ, यश इंजिन, मी टीसी. बाबांच्या ऑफिसातून आणलेलं पंचिंग मशीन माझ्या हातात होतं, त्यामुळे माझ्याशी कुणी वाद घालायचा नाही. आईला पॅसेंजर व्हावंच लागे. पॅसेंजर कमी पडायचे.

"टिकट," मी म्हटलं.

आईनं किराणा मालाची जुनी यादी पुढं केली. मी ती उलटसुलट पाहिली.

"मॅडम, आपका तो वेटिंग है. पाच नंबर."

"मग काय करू, साहेब?"

"प्लॅटफॉर्म पर रुकिए. चढ़ना मना है."

"आणि प्लॅटफॉर्म कुठंय?"

मी कूलरसमोरच्या चटईकडं बोट दाखवलं. आई तिथं जाऊन बसली.

"बोलनापण मना है," यशनं इंजिनातून नियम वाढवला. "जब तक गाड़ी मनमाड जाके वापस नहीं आती."

"बरं," आई म्हणाली आणि आडवी झाली.

आमची गाडी निघाली. कानपूर गेलं, झाशी गेलं. झाशीला यश पाणी प्यायला उतरला आणि इंजिनाशिवाय गाडी पाच मिनिटं पुढं गेली, त्यावरून आमचं भांडण झालं. निकाल मागायला मी वळले तर आई झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात डोक्याखाली, पदर कूलरच्या वाऱ्यात हलत होता. मी तिला दुपारी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही भांडण पुढं ढकललं.

मनमाड झालं. परत आलो. खुर्च्यांवर बसून कंटाळलो. शेवटी मी तिच्या पायाला पंचिंग मशीन लावलं. "मॅडम, कनफ़र्म हो गया. उठिए, सीट मिल गई."

तिनं डोळे उघडले नाहीत. "दुसऱ्या कुणाला तरी द्या, साहेब," ती म्हणाली. "मी आहे इथंच बरी."

निघायच्या दिवशी सकाळी आकडा दोनवर होता. साठ पुऱ्या तळून झाल्या होत्या, सुरई भिजत होती. चार्ट दुपारी लागणार होता. तो पाहायला बाबा स्वतः चारबाग स्टेशनला गेले. आई घड्याळाकडं पाहत होती आणि न पाहिल्यासारखं करत होती. एकदा तिनं भरलेली बॅग उघडली, आपल्या साड्या वर काढल्या, पुन्हा खाली घातल्या.

अडीच वाजता बाबा आले. चेहरा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला.

"नाही झालं. एकावर अडकलं. एक, सुहास. फक्त एक माणूस."

आई खुर्चीवर बसली. तिनं आधी त्यांना पन्हं दिलं पाहिजे होतं, ते ती विसरली.

"पण तू काळजी करू नको," बाबा म्हणाले. "मी सगळं विचारून आलोय. आपलं तिकीट एकच आहे, तीन बर्थ आपले आहेत. पोरं एका बर्थवर झोपतील, टीसीशी मी बोलतो. तुला सोडून थोडेच जाणार आहोत?"

यशनं टाळ्या वाजवल्या. आई आमच्या तिघांकडं पाहत राहिली. तीन आठवडे तो आकडा तिच्या वतीनं भांडत होता. आता तो थकून बसला होता, आणि पुढचं तिलाच बोलावं लागणार होतं.

"मी येत नाही," ती म्हणाली.

"अगं होईल अ‍ॅडजस्ट."

"होईल. पण मी येत नाही."

बाबांनी उचललेली सुरई पुन्हा स्टँडवर ठेवली. "बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"माझं काही चुकलं?"

"नाही."

"आईचं?"

"नाही हो."

"मग कारण काय?"

आईनं खरोखर विचार केला. आमच्या घरात चालणारी सगळी कारणं तिच्या मनातून गेली असावीत. पण तिनं तेच सांगितलं, जे चालत नव्हतं.

"मला झोपायचंय."

"मग गाडीत झोप ना. वरचा बर्थ घे. पोरांना मी बघतो."

"मागच्या वर्षीही तुम्हीच बघत होता. यशचं डोकं गजांत गेलं तेव्हा तुम्ही बघतच होता."

बाबांनी होल्डऑलचा पट्टा उगाच ओढून पाहिला. मग म्हणाले, "एकटी करशील काय इथं पंधरा दिवस?"

"काही नाही. तेच करायचंय."

"आई नहीं आएगी तो पूरी कौन देगा?" यशनं विचारलं.

"डब्यातून हातानं घ्यायची. जमतं ते."

मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं, टीसी म्हणून आपण काहीतरी बोललं पाहिजे. "बाबा, खेळातपण ती आली नव्हती," मी म्हटलं. "मी सीट दिली होती. तिनं घेतली नाही."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मग ते वेताच्या मोढ्यावर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. "आईला काय सांगू मी?" त्यांनी अगदी हळू विचारलं. त्यांचीही खरी भीती तीच होती.

"मी सांगते."

कोपऱ्यावरच्या पीसीओत आम्ही चौघंही गेलो. काचेच्या खोक्यात आई आणि तिच्या कमरेला चिकटून मी; बाहेर उन्हात बाबा आणि यश. संगमनेरला आजीच्या शेजारी फोन होता. आजी येईपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत होते.

"सासूबाई, हे आणि मुलं आज निघतायत. मी नाही येत यंदा."

"का गं? बरं आहे ना?"

"बरं आहे. दमलेय मी. झोपायचंय."

पलीकडून नुसती खरखर ऐकू येत होती. मग आजी म्हणाली, "पापडाचं पीठ दळलंय गं मी."

"हो."

"सात किलो."

"हो, सासूबाई."

पुन्हा खरखर. आई रिसीव्हर धरलेला हात बदलून घाम पुसत होती. बाहेरून बाबा काचेला नाक लावून पाहत होते.

"कूलर चालतो का नीट?" आजीनं विचारलं.

"चालतो."

"मग राहा." आणि फोन ठेवता ठेवता, "शरदला लाटणं धरता येतं का, ते बघते आता."

चारबागला आईनं आम्हाला डब्यात बसवलं, टॉवेल भिजवून गजांना बांधले, आणि बाबांना बजावलं, "झाशीला उतरू नका. उतरलात तर आपल्याच डब्यात चढा." गाडी हलली. ती प्लॅटफॉर्मवर उभी होती, हातात रिकामी पिशवी. यश रडला, मी रडले नाही, कारण प्लॅटफॉर्मवर थांबायचा नियम मीच केला होता.

पुढचं तिनं सांगितलेलं.

ती माणसं कोंबून नेणाऱ्या टेम्पोनं निशातगंजपर्यंत आली, तिथून दुसऱ्या टेम्पोनं घरी. फाटकात सक्सेना भाभी भेटल्या, अगदी पडलेल्या चेहऱ्यानं. "बजरंगबली ने सुनी नहीं, सुहासिनी."

"सुनी, भाभी," आई म्हणाली. "बूंदी मेरी तरफ़ से चढ़ा देंगे."

भाभींना काही कळलं नाही. आईनं आत येऊन दार लावलं. अंघोळ केली. खुर्च्या अजून रेल्वेसारख्याच मांडलेल्या होत्या, त्या तिनं तशाच राहू दिल्या. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, चटई टाकली, आडवी झाली. खसाचा गार वास चेहऱ्यावर आला.

आणि लाईट गेली.

पंखा घरघरत मंदावला, थांबला. जाळीतून पाणी ठिबकत राहिलं. आई सवयीनं थोडी उठून बसली आणि प्रश्नाची वाट पाहू लागली. प्रश्न आला नाही. आतल्या खोलीतूनही आला नाही. मग भिंतीपलीकडून सक्सेनांचा धाकटा ओरडला, "मम्मी, लाइट कब आएगी?" आणि भाभींचा दमलेला आवाज आला, "आ जाएगी."

आई पुन्हा आडवी झाली. घामानं मान भिजत होती, डास गुणगुणत होते, उकाडा नेहमीचाच होता. पण उत्तर द्यायची पाळी तिची नव्हती.

लाईट किती वाजता आली, ते तिला अजूनही माहीत नाही.